गालावरचं उत्तर

१

मारिवीक रोज सकाळी बरोबर सातला यायची. आधी जाळीचं दार आपटायचं, मग तिच्या चपला वाजायच्या आणि मग तिचं तोंड सुरू व्हायचं, ते दहा वाजेपर्यंत बंद म्हणून व्हायचं नाही. "मिस एनिड, त्या पेट्रोलपंपावरच्या बाईनं केस जांभळे केलेत! बघाल तर हसून हसून मराल." असं बडबडत ती एनिड पेंगिलीला कुशीवर वळवायची, अंग पुसायची, खुर्चीत बसवायची, मान उशीला टेकवायची आणि शेवटी तिच्या डाव्या गालावर बटणाएवढी पट्टी चिकटवायची.

एनिडच्या अंगात आता हलण्याजोगं एवढंच उरलं होतं. हसताना खळी पडते ना, तिथला स्नायू. समोरच्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी असायच्या आणि उजेडाचा एक पट्टा ओळीमागून ओळ खाली सरकायचा. हवी ती ओळ आली की एनिड गाल आवळायची. स्नायू आवळला की आत जी बारीकशी वीज खेळते, ती गालावरच्या पट्टीला कळायची आणि ओळ धरली जायची. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर उजळायचं. पुन्हा गाल. एक वाक्य पुरं होईपर्यंत चहा गार व्हायचा. डोळ्यांनी चालणारं यंत्रही आणून पाहिलं होतं, पण तिच्या पापण्या अर्ध्याच उघडायच्या, तिथं त्या यंत्रानं हात टेकले.

वाक्य पुरं झालं की यंत्र ते मोठ्यानं बोलायचं, तेही एनिडच्याच आवाजात. दुखणं गळ्यापर्यंत चढायच्या आधी तिनं तीन आठवडे बसून आपला आवाज भरून ठेवला होता, बरणीत लोणचं भरून ठेवावं तसा.

हा आवाज एके काळी हजार मैलांत घरोघरी माहीत होता. अठ्ठावीस वर्षं एनिड उत्तरेला, दूरच्या लोकांचं डॉक्टरांशी बोलणं जोडून देणाऱ्या रेडिओ-केंद्रावर होती. तिकडच्या मेंढ्यांच्या वाड्या अशा, की शेजारी म्हणजे साठ मैलांवर. कुणी घोड्यावरून पडलं, कुणाचं बाळ आडवं आलं, की रेडिओवर पहिली एनिड. मग डॉक्टर. प्रत्येक वाडीवर एक औषधपेटी असायची आणि पेटीतल्या औषधांना नंबर. डॉक्टर सांगायचे, "अमक्या नंबरच्या दोन गोळ्या," आणि एनिड ते नीट पोचलं की नाही याची खातरी करायची. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. चेहरा मात्र फारसा कुणी पाहिला नव्हता. लग्न केलं नाही, ते राहूनच गेलं म्हणा. निवृत्त झाल्यावर ती हॉकर गावात आईच्या दगडी घरात येऊन राहिली आणि आता दहा ते बारा, मग एक ते पाच आणि मारिवीक संध्याकाळचं उरकून गेली की रात्रभर, ती त्या घरात एकटी असायची. पत्र्याचं छप्पर तापताना टकटक करायचं. फ्रिज मध्येच घरघरायचा, मध्येच गप्प बसायचा. माणूस किती एकटा असू शकतो ते तिला त्या वेळांत कळत होतं.

तरी तिला हेच घर हवं होतं. आणि नेमकं तेच सुटायची वेळ आली होती.

रविवारी तिची धाकटी बहीण ग्वेन अ‍ॅडलेडहून फोनवर म्हणाली, "हे बघ एनिड, मी आता सरळच बोलते. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी त्या सरकारी बाई येणारेत. मीही येतेय. आधी नाव विचारतील, मग तीनदा विचारतील, इकडच्या वृद्धाश्रमात जायचंय का म्हणून. तू स्वतः, आपल्या खुणेनं, स्पष्ट नाही म्हणालीस तर प्रश्न मिटला. पण तुला उत्तर देता आलं नाही, तर मग माझी सही चालते. आणि मी सही करणारे. तुला असं एकटीला सोडून मला झोप लागत नाही गं."

वृद्धाश्रम तिसऱ्या मजल्यावर होता. खिडक्या उघडत नव्हत्या. एनिडनं फोटो पाहिला होता.

"मी 'नाही' म्हणणार," एनिडनं लिहिलं. तेवढं लिहायला तिला नऊ मिनिटं लागली. गाल दमत चालला होता, हे तिलाही कळत होतं आणि पलीकडे नऊ मिनिटं थांबलेल्या ग्वेनलाही.

२

सोमवारी स्टाव्रोस आला. दर तीन महिन्यांनी तो अ‍ॅडलेडहून गाडी हाकत यायचा, पेटी उघडायचा आणि एनिडचं यंत्र तिच्या गालाच्या मापाचं करून द्यायचा. त्याच्या पडद्यावर एक हिरवी रेघ सरकत असायची. एनिडनं गाल आवळला की रेघेला शिखर यायचं. त्या रेघेवर त्यानं एक आडवी लाल रेघ मारलेली असायची. तिला तो उंबरठा म्हणायचा. शिखर उंबरठ्याच्या वर गेलं तरच यंत्र ते मोजायचं, खाली राहिलं तर नाही. गाल जसजसा कमजोर होत गेला, तसतसा तो उंबरठा खाली उतरवत गेला.

"एनिड, आज बराच उतरवावा लागणारे," तो म्हणाला. त्याचा स्वभाव खोटं बोलण्यातला नव्हता. "आता एक मिनिट अगदी स्वस्थ. काही म्हणजे काही हलवायचं नाही."

"त्यात काय अवघड आहे तिला?" मारिवीक म्हणाली आणि स्वतःच हसली. एनिडलाही हसू आलं, आतल्या आत.

एनिड स्वस्थ राहिली. आणि यंत्रानं 'टिक' केलं.

स्टाव्रोसनं भुवया उंचावल्या. "हललीस?"

नव्हती हलली.

परत टिक. मग दोन टिक, जरा थांबून तिसरं. त्यानं कुलर बंद केला. टिक. "फ्रिज बंद करतो."

"ए, माझे मासे आहेत आत! मेले तर तूच खा."

"मेलेलेच आहेत ना ते, बाई?"

फ्रिज बंद झाला. घर इतकं शांत झालं की छपराचा पत्रा ऐकू यायला लागला. हिरव्या रेघेवर बारीक बारीक उंचवटे येतच होते, एनिडच्या शिखरांच्या निम्म्यानं. स्टाव्रोस बराच वेळ बघत राहिला आणि मग त्यानं खांदे उडवले. "स्नायू फुरफुरतोय. या दुखण्यात होतं तसं. माणसाचा त्यात काही हात नसतो, आपोआप उडतो." तो एनिडपुढं उकिडवा बसला. "मी हे गाळून टाकू शकतो. उंबरठा वर घेतला की हे बंद. पण मग तुझंही निम्मं बोलणं खालीच राहील. गुरुवारचं ग्वेन मला बोललीय. काय करू?"

"राहू दे," एनिडनं लिहिलं.

त्यानं मान हलवली. आपोआप उडणारा स्नायू कसाही उडतो, त्याला ताल नसतो. एनिड अठ्ठावीस वर्षं खरखरीतून माणसाचे आवाज निवडत आलेली होती. तिच्या मनात पाल चुकचुकली. त्या उंचवट्यांना ताल होता. पण तिनं ते लिहिलं नाही. लिहून काय उपयोग, आणि गालही दमला होता.

३

मंगळवारी मारिवीक दहाला गेली. जाळीचं दार आपटलं, गाडी सुरू झाली, वळणावर आवाज संपला.

एनिड काही लिहीत नव्हती. उजेडाचा पट्टा आपला ओळींवरून खाली जायचा, पुन्हा वर यायचा. साडेदहाच्या सुमाराला एक ओळ धरली गेली. मग एक अक्षर. मग दुसरी ओळ.

फुरफुरतोय मेला, एनिड मनाशी म्हणाली. आणि ते यंत्रही फार शहाणं होतं. दोन अक्षरं दिली की पुढचा शब्द आपणच सुचवायचं. उडणारा स्नायू आणि शब्द सुचवणारं यंत्र एकत्र आले तर त्यातून शब्द निघणारच. ढगात नाही का घोडे दिसत? असं ती स्वतःला समजावत होती. पडद्यावर मात्र अक्षराला अक्षर लागत होतं.

'केंद्र. केंद्र. ऐकू येतंय का.'

बोलायची चौकट निवडल्याशिवाय यंत्र तोंडातून काही काढत नसे. अक्षरं नुसती पडद्यावर बसून राहिली.

आता इथं दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं आणि गप्प राहिलं असतं. एनिड घाबरली, पण गप्प राहू शकली नाही. केंद्राचा पहिला नियमच तो होता: बारीक आवाज आधी. मोठ्या आवाजाचा माणूस थांबू शकतो. जो जेमतेम ऐकू येतो त्याला ताबडतोब उत्तर द्यायचं, नाहीतर तो हातचा जातो. आणि एकदा उत्तर दिलंत की तो माणूस तुमचा. तिच्या गालानं विचार करायच्या आत लिहूनही टाकलं.

'ऐकतेय. बोला.'

पट्टा दोनदा खाली जाऊन वर आला. फ्रिज घरघरायचा थांबला.

'पेशंट आहे. बाई. वय ७८. हात पाय हलत नाहीत. बोलत नाही. एक गाल हलतो. कुठला नंबर देऊ.'

एनिडनं स्वतःचं वय पुन्हा वाचलं. वय ७८. तिनं सगळं बळ एकवटून लिहिलं, 'वाडीचं नाव सांगा.'

'हीच.'

बाराला मारिवीक आली तेव्हा ती अक्षरं अजून पडद्यावर होती. "अरे वा, आज कथा लिहिताय वाटतं!" ती म्हणाली आणि फडक्यानं पडदा पुसताना तिचं बोट लागून सगळं पुसलं गेलं.

४

मग हे रोजचंच झालं. साडेदहा वाजले की 'केंद्र. केंद्र.' एनिड म्हणायची, 'बोला.' पलीकडून पेशंटची खबर यायची. रात्री झोप कशी होती. घशात कफ आहे का. पायाला सूज किती. सगळं खरं. शेवटी तोच प्रश्न, 'कुठला नंबर देऊ.' आणि एनिडचं तेच उत्तर, 'डॉक्टर नाहीत. थांबा.' पलीकडचं थांबायचं.

हे माझंच मन आहे, ती स्वतःला बजावायची. माझं दुखणं मला माहीत, माझा गाल माझा, मग बातमीही माझीच. स्वतःशी बोलणारी म्हातारी, दुसरं काय! हे पटायचंही. पण मग साडेदहा वाजायला आले की तिचं लक्ष घड्याळाकडे का लागायचं? खरं सांगायचं तर तिला बरं वाटायचं. कुणीतरी तिच्या झोपेची, तिच्या सुजेची इतकी बारीक चौकशी ठेवत होतं. मारिवीक प्रेमळ होती, पण मारिवीकला अजून चार घरं होती. ग्वेनचा फोन रविवारी. आणि हे जे कोणी होतं, ते रोज होतं. इतकी एकटी होती ती, की तिला त्याची भीती वाटायची आणि वाटही पाहावीशी वाटायची.

शनिवारी खबर आली, 'बारा दहा. पेशंटला ठसका. चमचा खाली पडला. निळा.'

एनिडनं घड्याळ पाहिलं. अकराला वीस कमी.

बाराला मारिवीकनं भोपळ्याचं सूप आणलं, नेहमीच्या स्टीलच्या चमच्यानं. बघा, एनिड मनात म्हणाली, निळा नाही. तेवढ्यात मारिवीक म्हणाली, "थांबा, हा फार खोल आहे, तुमच्या ओठाला लागतो," आणि पिशवीतून तिनं प्लॅस्टिकचा निळा चमचा काढला. दुसऱ्याच घोटाला एनिडला ठसका लागला. मारिवीक तिची पाठ थोपटायला धावली आणि चमचा फरशीवर पडला.

पडून दोनदा उडाला. तो आवाज एनिडच्या कानांतून दुपारभर गेला नाही.

मंगळवारी सकाळी पलीकडून आलं, 'गुरुवार. सकाळ. गाल थांबला. आता काहीच हलत नाही. कुठला नंबर देऊ.'

मरणाची भीती एनिडला फारशी राहिली नव्हती. भीती गुरुवारची होती. अकरा वाजता ती बाई समोर बसणार, विचारणार, आणि हा गाल मातीच्या ढेकळासारखा गप्प. मग ग्वेन डोळे पुसत सही करणार. मग तिसरा मजला.

५

वेगळं काय करता येईल, याचा विचार तिनं मंगळवारी रात्रभर आणि बुधवारी सकाळीही केला. आणि तिला सुचलं ते केंद्रावरच्या बाईलाच सुचलं असतं.

एखाद्या वाडीचा आवाज केंद्रापर्यंत पोचेनासा झाला, की मधल्या वाडीला सांगायचं: तू ऐक आणि त्यांचा निरोप पुढे दे. त्यांच्या जागी तू बोल. असे किती निरोप एनिडनं जोडून दिले होते! आता तिचाच आवाज पोचत नव्हता. आणि मध्ये कुणीतरी होतं.

बुधवारी साडेदहाला तिनं 'बोला' म्हटलंच नाही. सरळ लिहायला घेतलं. एकेका अक्षराला गाल पेटायचा, मग बधिर व्हायचा. उजेडाचा पट्टा दोनदोनदा फिरून यायचा तेव्हा एक ओळ धरली जायची. बारा वाजले, मारिवीक येऊन भरवून गेली, तरी ते पुरं झालं नव्हतं. दोनच्या सुमाराला झालं.

'उद्यापासून माझा निरोप तुम्ही द्या. नाव विचारलं तर हो. बाकी सगळ्याला नाही.'

छपराचा पत्रा टकटकत होता. बाहेर तारेवर पोपटांची टोळी भांडत होती, ती एकदम उडाली.

'कधीपर्यंत.'

एनिड चपापली. शेवट! निरोप जोडून देताना वेळ दोन्हीकडची सांगायची, सुरूची आणि बंदची. नव्या मुलींना ती हे पहिल्याच दिवशी शिकवायची आणि चुकल्या तर रडेपर्यंत रागवायची. स्वतः मात्र अक्षरं वाचवायच्या नादात सुरूची वेळ दिली आणि बंदची विसरली. दुपारपर्यंत. एवढंच लिहायचं होतं. तिनं गाल आवळला. पट्टा ओळीवरून पुढे गेला. पुन्हा आवळला. पट्टा खाली गेला, वर आला, खाली गेला. तिला वाटलं दमलाय, जरा थांबू. ती थांबली. पुन्हा प्रयत्न केला. तीन वाजले, सव्वातीन वाजले. पडद्यावर तो एकच प्रश्न बसून होता आणि पलीकडचं थांबलं होतं, ज्याला थांबायला तिनंच शिकवलं होतं.

साडेतीनला तीन अक्षरं आली.

'मिळालं.'

तिनं काहीच दिलं नव्हतं. तिच्या गप्प बसण्यालाच पलीकडच्यानं उत्तर धरलं होतं.

६

गुरुवारी ग्वेन सकाळीच आली, हातात केकचा डबा, डोळे सुजलेले. "पाच तास गाडी चालवली बाई मी, कंबर मोडली. तू आपली बसलीयस राणीसारखी!" असं म्हणून तिनं एनिडच्या कपाळाचा मुका घेतला आणि लगेच खिडकीकडे वळली. मारिवीकनं पट्टी चिकटवली. एनिडनं गाल आवळून पाहिला. काही नाही. खबर खरी होती.

सरकारी बाई अकराला आल्या. बिचाऱ्या भल्या होत्या, घाई नव्हती त्यांना. पडद्यावर दोनच मोठ्या चौकटी होत्या, हो आणि नाही. उजेड एकीवरून दुसरीवर जात होता.

"तुमचं नाव एनिड पेंगिली का?"

एनिडनं जीव एकवटला. गालात काही उरलंच नव्हतं. ग्वेन पडद्याकडे बघत होती, मारिवीक पडद्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्याकडे आताशा कुणी बघतच नसे.

आणि मग तिला ते जाणवलं. या दुखण्यात हलणं जातं, पण स्पर्श कळायचा थांबत नाही. गालावर, पट्टीच्या शेजारी, कुणीतरी बोट ठेवलं. थंड, कोरडं, नख कापलेलं बोट. त्यानं जरा चाचपून जागा शोधली आणि अलगद दाबलं.

"हो," एनिडच्या आवाजात यंत्र म्हणालं.

"बघा बघा, खळी कशी पडली!" मारिवीक टाळी वाजवत म्हणाली.

एनिडला ओरडायचं होतं. पण समोर त्या बाईंनी पुढचा कागद घेतला होता, आणि एनिडला घर हवं होतं.

"तुम्हाला वृद्धाश्रमात जायचंय का?"

बोट दाबलं गेलं. "नाही."

"इथं धोका आहे हे समजूनही विचारते. जायचंय का?"

"नाही."

"शेवटचं विचारते, एनिड."

"नाही."

ग्वेननं तोंडावर रुमाल धरला. ती रडत होती आणि हसतही होती. "लहानपणापासून अशीच! आपलं तेच खरं करणार!" सरकारी बाईंनी कागदावर लिहिलं, फाइल मिटली, केकचा तुकडा घेतला आणि त्या गेल्या. एनिडचा जीव भांड्यात पडला. खरोखर पडला. घर राहिलं होतं. त्या क्षणी त्या बोटाला तिनं मनातून धन्यवादसुद्धा दिले.

बोट गालावरून हललं नव्हतं.

७

"चहा घेणार?" ग्वेननं विचारलं.

"नाही."

एनिडला चहा हवा होता. घसा कोरडा पडला होता.

"बरं. अगं, मी म्हणत होते, मी आठवडाभर राहते ना इथं. तुझ्याच खोलीत गादी टाकीन. लहानपणी झोपायचो तशा. राहू?"

राहा, एनिडनं आत आक्रोश केला. राहा, राहा, ग्वेन, जाऊ नकोस.

"नाही."

ग्वेनचा चेहरा पडला. तिनं डब्याचं झाकण उगीचच काढून परत लावलं. "रागावलीस का माझ्यावर? सहीचं बोलले म्हणून?"

"नाही." हे मात्र खरं होतं. सगळ्यांत एवढं एकच.

"रविवारी फोन करू?"

"नाही."

"मग राग नाही म्हणतेस ते कशावरून!" ग्वेन म्हणाली आणि ओठ चावत उभी राहिली. एनिडच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मारिवीकनं ते टिपलं, "उन्हाची तिरीप येतेय डोळ्यावर," म्हणून पडदा ओढला आणि ग्वेनच्या दंडाला धरून तिला हळूच बाहेर नेलं. "मिस ग्वेन, मनाला लावून घेऊ नका. दमल्यात त्या. मोठी लढाई जिंकल्यात आज."

दुपारी एनिड एकटी होती. तिनं रडणं थांबवलं आणि विचार केला, कारण विचार करणं एवढंच अजून तिचं होतं. नियम तिनंच दिला होता. बाकी सगळ्याला नाही. बरं, मग प्रश्न उलटा यायला हवा. राहू का विचारलं तर नाही. पण कुणी जाऊ का विचारलं तर? तर नाही म्हणजेच थांबा! तेवढ्यानं मारिवीक थबकेल, दोन क्षण तिच्या चेहऱ्याकडे बघेल, डोळ्यांत बघेल. मारिवीक हुशार आहे. एक उलटा प्रश्न, बस. तिला आशा वाटली. इतकी वाटली की गालावरचं ते थंड बोटही तिनं घटकाभर सोसलं.

पाचला मारिवीक आली. गाऊन बदलला, पाठीला मलम लावलं.

"मान अवघडली का?"

"नाही."

"कुठं दुखतंय?"

"नाही."

"भूक?"

"नाही."

"आज एकदम शहाण्या मुलीसारखं!" मारिवीक हसली. तिनं चादर नीट केली, औषधाची बाटली जागेवर ठेवली, पिशवी खांद्याला अडकवली. जाळीच्या दाराशी जाऊन ती थांबली. काहीतरी तिला खटकत होतं, ते तिच्या पाठीवरून दिसत होतं. ती वळली. आणि आज पहिल्यांदाच तिनं पडद्याकडे न बघता एनिडकडे बघितलं.

"मिस एनिड," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही बऱ्या आहात ना? मी थांबू शकते. नाहीतर... जाऊ मी?"

 उजेड एका चौकटीवरून दुसरीवर गेला, परत आला, परत गेला. बोट दाबलं गेलं नाही. ते वाट बघत होतं. मग त्यानं अगदी प्रेमानं, खळी नीट पडेल असं, दाबलं.

"हो," एनिडच्या आवाजात यंत्र म्हणालं, आणि तो आवाज प्रसन्न होता.

मारिवीकच्या चेहऱ्यावरची काळजी विरघळली. "येते हं मग," ती म्हणाली. दार आपटलं, गाडी सुरू झाली. बोट गालावरच होतं.